विंडोजशेजारी लिनक्स मिंट: इन्स्टॉलरमधलं सोपं बटण टाळा

विंडोज तसंच ठेवून त्याच संगणकावर शेजारी टाकायला लिनक्स मिंट २२ या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमइतकं भरवशाचं दुसरं लिनक्स आज सुचवता येत नाही. तरीही त्याच्या इन्स्टॉलरमधलं सगळ्यांत सोपं बटण वापरू नका. 'इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर' हा पर्याय विंडोजचं पार्टिशन (डिस्कवरचा त्याचा भाग) स्वतः कापतो आणि तुमच्या हाती फक्त एक सरकपट्टी देतो. बहुतेक वेळा काम होतं. पण आपलं पार्टिशन कुठपर्यंत आखडता येईल हे विंडोजला जास्त नीट कळतं. म्हणून जागा विंडोजकडूनच मोकळी करून घ्यावी आणि मिंटला फक्त त्या मोकळ्या जागेत उतरवावं.

विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. मुंबईतल्या कितीतरी घरांत, क्लासेसमध्ये, छोट्या ऑफिसांत असेच धडधाकट संगणक आहेत. मिंटची २२ मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. चार जीबी रॅमवर ती चालते, आठ असेल तर आरामात.

पेन ड्राइव्ह आठ किंवा सोळा जीबीचा घ्या, मिंटची आयएसओ फाइल (इन्स्टॉलसाठीची संपूर्ण प्रत) तीन जीबीच्या आसपास आहे. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला घेणार असाल तर बिलासकट घ्या. आकडा मोठा आणि आत जागा कमी असे नकली पेन ड्राइव्ह बाजारात असतात आणि इन्स्टॉल मध्येच अडकण्याचं ते एक कारण आहे. बॅलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने आयएसओ पेन ड्राइव्हवर लिहिलात तर शेवटी तो लिहिलेलं पुन्हा वाचून पडताळतो. ती पायरी मध्येच बंद करू नका.

आता विंडोजमधली तयारी. खरी मेहनत इथेच आहे आणि घाई केली तर डेटाही इथेच जातो. आधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप. मग सेटिंग्जमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' किंवा बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पाहा. नव्या लॅपटॉपवर बऱ्याचदा मालकाच्या नकळत चालू असतं. बूटची रचना बदलली की विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती की ज्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला त्या अकाउंटवर असते. दुकानात सेटअप करून घेतला असेल तर ते अकाउंट तुमचंच आहे ना, याची आधी खात्री करा. की कागदावर लिहून घ्या, एन्क्रिप्शन बंद करा आणि डिस्क पूर्ण डिक्रिप्ट होईपर्यंत थांबा.

मग फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर 'शटडाउन' म्हटल्यावर विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. मग मिंटमधून विंडोजच्या फाइल नुसत्या वाचता येतात, त्यात लिहिता येत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समधून ते काढा.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये सी ड्राइव्हवर राइट क्लिक करून 'श्रिंक व्हॉल्यूम' घ्या. आकडा एमबीमध्ये द्यायचा असतो: ६० जीबीसाठी ६१४४०. दोनशे जीबी रिकामे असूनही विंडोज वीसच सोडायला तयार असेल तर मधे न हलणाऱ्या फाइल आहेत. हायबरनेशन, पेजिंग फाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन तात्पुरते बंद करा, रीस्टार्ट करून पुन्हा प्रयत्न करा. काम झालं की पेजिंग आणि प्रोटेक्शन परत चालू करा. डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर ऐन पावसाळ्यात, वीज लपंडाव करत असताना, हे काम काढू नका.

पेन ड्राइव्हवरून बूट केल्यावर थेट इन्स्टॉलला हात घालू नका. लाइव्ह मिंटमध्ये, म्हणजे पेन ड्राइव्हवरूनच चालणाऱ्या मिंटमध्ये, वाय-फाय, आवाज, टचपॅड तपासा. वाय-फाय दिसत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग करा. पुढे ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर उतरवायला तेवढं नेट पुरतं. इन्स्टॉलरला एसएसडीच दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी ही डिस्क हाताळायची इंटेलची पद्धत चालू असण्याची शक्यता मोठी. ते थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलं तर विंडोज निळा पडदा दाखवून बसतं. आधी विंडोजमध्ये एमएसकॉन्फिगमधून 'सेफ बूट' लावा, मग बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडा आणि ती खूण काढा.

इन्स्टॉलरमध्ये 'समथिंग एल्स' निवडा. मोकळ्या जागेवर एक्स्ट-४ (ext4) प्रकारचं पार्टिशन, माउंट पॉइंट फक्त तिरकी रेघ (/). स्वॅपसाठी, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायच्या डिस्कवरच्या जागेसाठी, वेगळं पार्टिशन लागत नाही, स्वॅप फाइल आपोआप बनते. शंभर किंवा २६० एमबीचं जे ईएफआय पार्टिशन आधीपासून आहे तेच वापरायचं. त्याच्या पुढच्या 'फॉरमॅट' चौकटीत चुकूनही खूण नको, कारण विंडोजचा बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा प्रोग्रॅम) तिथेच राहतो.

एक दोष मात्र स्पष्ट सांगायला हवा. दोन एसएसडी असलेल्या डेस्कटॉपवर बूटलोडरसाठी दुसरी डिस्क निवडली तरी हा इन्स्टॉलर ग्रब (मिंटचा बूटलोडर) पहिल्याच डिस्कच्या ईएफआयमध्ये टाकतो. हा जुना बग आहे आणि तो अजून अंगावर येतो. दोन्ही सिस्टिम पूर्ण वेगळ्या हव्या असतील तर इन्स्टॉल होईपर्यंत विंडोजच्या डिस्कची केबल काढून ठेवा.

सिक्युअर बूट (सही नसलेले प्रोग्रॅम सुरुवातीलाच अडवणारी सोय) चालू ठेवूनही मिंट बसतं. एनव्हिडियाचा ड्रायव्हर टाकलात तर पुढच्या बूटला निळ्या पडद्यावर 'एनरोल मॉक' येईल. तो निवडून आधी ठरवलेला पासवर्ड द्या. गडबडीत 'कंटिन्यू बूट' दाबलं की ड्रायव्हर चालत नाही आणि कारणही कळत नाही. ऑगस्ट २०२४ च्या एका विंडोज अपडेटने काही संगणकांवर जुन्या लिनक्सचं बूटच अडवलं होतं. म्हणून मिंटचा पेन ड्राइव्ह पुसू नका, दुरुस्तीला तोच लागतो. ग्रबच्या यादीत विंडोज नसेल तर टर्मिनलमध्ये 'सुडो अपडेट-ग्रब' (sudo update-grub) चालवा.

विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे पडेल. मिंट हार्डवेअर घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ठेवतं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. मिंटच्या टर्मिनलमध्ये 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' (timedatectl set-local-rtc 1) ही आज्ञा दिली की दोघांचं जुळतं.

मराठीत मिंट मन जिंकतं. कीबोर्डच्या लेआउटमध्ये मराठी जोडा: इनस्क्रिप्टही आहे आणि उच्चारानुसार चालणारा कगप लेआउटही. मुंबईच्याच एक टाइपचा 'मुक्त' हा मोफत फाँट टाकला की तासन्‌तास वाचताना डोळ्यांना आराम मिळतो. आज्ञा शिकायच्या असतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलमध्ये लिनक्सचे मराठी धडे मोफत आहेत. मात्र श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमधल्या, युनिकोड नसलेल्या फाइल मिंटवर नीट दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. दादर-गिरगावातल्या छपाईवाल्यांकडे अशाच फाइलची ये-जा असेल, तर ते काम विंडोजमध्येच ठेवा.

मिंट काढून टाकायचं झालं तर पार्टिशनला शेवटी हात लावा. आधी बायोसमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा आणि विंडोज सरळ उघडतंय हे पाहा. मगच डिस्क मॅनेजमेंटमधून ते ६० जीबी पुसा आणि सी ड्राइव्हला परत जोडा.