नोकरी सोडून केलेला डेटा अ‍ॅनालिटिक्सचा कोर्स: दहा महिन्यांनंतर

कोर्स विकणाऱ्या कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. हे कोर्स एकमेकांसारखेच असतात, नावाने फार फरक पडत नाही.

शिकवणं चांगलं आहे, हे आधी सांगते. एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायच्या भाषेचा, भाग तर फारच. जॉइनचे, म्हणजे दोन तक्ते जोडायचे, प्रकार मला आधी दोनदा वाचूनही कळले नव्हते, इथे एका संध्याकाळी कळले. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घाईत उरकलीय. मेंटर दर आठवड्याला भेटतो असं जाहिरातीत म्हटलंय. भेटतो, पण चाळीस जणांना एकाच कॉलमध्ये. व्हिडिओ दीडपट वेगाने बघितले तरी काही बुडत नाही.

लंगडी बाजू म्हणजे प्रोजेक्ट. टायटॅनिकचे प्रवासी आणि आयरिसची फुलं, म्हणजे सगळीकडे सरावाला देतात त्या तयार फाइली. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशरने १९३६ मध्ये वापरलेली तीच १५० फुलं अजून प्रत्येक नवशिक्या मोजतोय. एका मुलाखतीत मी लॅपटॉप उघडून टायटॅनिक दाखवलं, तर समोरच्या बाई हसल्या. कुत्सितपणे नाही, दमून. म्हणाल्या, "आजचं चौथं."

आता हा कोर्स घेतला कसा, ते. अकाउंट्समधली अकरा वर्षांची नोकरी सोडून घेतला. शाळेपासूनची मैत्रीण म्हणाली, "मी हा कोर्स केला. सहा महिन्यांत अ‍ॅनालिस्ट झाले." दोन्ही वाक्यं खरी आहेत. मधला 'म्हणून' माझ्या पदरचा. नोकरी सांभाळून रात्री करता येईल का, असं मी विचारलं होतं. त्यावर म्हणाली, "अर्धं मन लावून काही होत नाही गं. मी तुला चुकीचं सांगेन का?" माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसलेली बाई आहे ती. तिला उलट काय विचारणार? पुढच्याच आठवड्यात राजीनामा दिला.

चौथ्या महिन्यात गहाळ माहितीचा धडा येतो. अख्ख्या कोर्समध्ये पैसे वसूल करणारा धडा हाच. टायटॅनिकच्या सरावाच्या फाइलमध्ये ८९१ प्रवासी आहेत आणि त्यातल्या ६८७ जणांपुढे केबिनचा रकाना रिकामा आहे. आम्ही सगळे तो रकाना उडवायला निघालो होतो. मेंटर म्हणाला, थांबा, रिकामा का आहे ते बघा. बघितलं. केबिन नोंदलेल्यांमध्ये बहुतेक पहिल्या वर्गाचे, आणि त्यांच्यातले दोन-तृतीयांश वाचलेले. नोंद नसलेल्यांपैकी वाचले जेमतेम तीस टक्के. म्हणजे त्या रिकाम्या जागाच काहीतरी सांगत होत्या. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिनने १९७६ मध्ये हे नीट मांडलं: माहिती कशामुळे गळली आहे याचा विचार केल्याशिवाय उरलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणं धोक्याचं असतं. काही वेळा ती सहज, कशीही गळते. काही वेळा गळण्याचं कारण त्या गळलेल्या माहितीतच असतं.

मी व्हिडिओ थांबवला आणि मैत्रिणीच्या गोष्टीतले रिकामे रकाने शोधत बसले.

पहिला लगेच सापडला. अ‍ॅनालिस्ट झाली ती कुठे? जिथे सात वर्षं होती त्याच कंपनीत. नवी टीम उभी राहत होती, तिच्याच साहेबांनी तिला तिकडे घेतलं आणि "एखादा कोर्स करून टाक" म्हणून सांगितलं. दुसरा माझ्याच खात्यात होता: "मित्रांना आणा, फीचा काही भाग परत मिळवा." फी भरताना ती म्हणाली होती, याच लिंकवरून भर हं, सवलत मिळेल. मिळाली. मला आणि तिलाही.

पण त्या पैशांसाठी तिने हे केलं असं मला आजही वाटत नाही. आपण वर चढलो ते साहेबांच्या मर्जीने, असं कुणाला सांगावंसं वाटतं? कोर्समुळे चढलो, ही गोष्ट ऐकायला बरी. तिने ती इतक्यांदा सांगितली असेल की आता तिलाही तीच खरी वाटते. इथपर्यंत मी समजून घेऊ शकते.

तिसरा रकाना मात्र गिळवत नाही. तिने स्वतः हा कोर्स नोकरी न सोडता, संध्याकाळी केला होता. मला अर्ध्या मनाचं ऐकवलं तेव्हाही तिचा पगार दरमहा जमा होत होता. फोनवर विचारलं, तर बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "तू कधी विचारलं नव्हतंस." खरंच नव्हतं विचारलं. मी रात्रीच्या अभ्यासाबद्दल विचारलं ते माझ्यापुरतं. तिने कसा केला, हे विचारायचं सुचलंच नाही. तेव्हापासून आमचं बोलणं वाढदिवसापुरतं उरलंय.

रिफंडची मुदत तोवर उलटून गेली होती. घेणाऱ्यांनी ती तारीख आधी बघावी. आणि प्लेसमेंटच्या डोळे दिपवणाऱ्या टक्केवारीत छेद काय आहे, तेही विचारावं. आमच्या कोर्सच्या छेदात फक्त तेच होते, ज्यांनी सगळ्या असाइनमेंट वेळेत दिल्या आणि शेवटपर्यंत दर आठवड्याला ठरलेले अर्ज पाठवले. मध्येच गळालेले गणतीतच नाहीत.

पाचपैकी तीन तारे. एसक्यूएल आणि तो एक धडा नसता तर दोन.

गेल्या महिन्यात मला काम मिळालं. अर्धवेळ, पगार जुन्या नोकरीपेक्षा कमी. जुन्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने शब्द टाकला होता. कोर्सचं प्रमाणपत्र कुणी बघायला मागितलं नाही. परवा कंपनीचा मेल आला: अभिनंदन, यशस्वी विद्यार्थ्यांच्या यादीत तुमचा फोटो लावायचा आहे, सोबतचा फॉर्म भरून पाठवा. फॉर्ममध्ये कोर्स संपल्याची तारीख आहे, नोकरी लागल्याची तारीख आहे, पदाचं नाव आहे. नोकरी कशी लागली, हा रकाना नाही.