आयटीच्या पदवीचा अभ्यास आणि रोजचं लिनक्स: काही सेमिस्टर वापरल्यानंतरचा अनुभव

दुसऱ्या वर्षाला ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय आला तेव्हा मी लॅपटॉपवर उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकलं. तेव्हापासून अभ्यासाचं जवळजवळ सगळं काम त्याच्यावरच करतोय आणि आता पदवीचं शेवटचं वर्ष चालू आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, कॉम्प्युटर नेटवर्क्स, डेटाबेस, सी, पायथन आणि ग्रुप प्रोजेक्ट, सगळं या एकाच मशीनवर झालं. आयटीला आहेस तर लिनक्स टाक, असं प्रत्येक जण सांगतो. का, असं विचारलं की नोकरी, सर्व्हर, क्लाउड अशी उत्तरं येतात. ती खरी आहेत, पण माझ्यासाठी त्याची किंमत वेगळ्याच कारणाने वाढली. पुस्तकात आपण ज्यांच्या आकृत्या काढून शिकतो त्या गोष्टी आपल्याच मशीनमध्ये आत्ता चालू असतात, आणि लिनक्स त्या उघडून बघू देतं. अभ्यासासाठी यापेक्षा चांगली प्रयोगशाळा मला तरी मिळालेली नाही.

सगळ्यात जास्त फायदा ऑपरेटिंग सिस्टिमला झाला, म्हणून तिथे जरा सविस्तर लिहितो.

सिस्टिम कॉल (सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, थेट केलेली मागणी) आणि लायब्ररी फंक्शन (आधीच लिहून ठेवलेला तयार कोड) यांतला फरक हा व्हायवातला हमखास प्रश्न. लिनक्सची मॅन पेजेस, म्हणजे सोबत येणारी मदतीची पानं, विभागवार लावलेली असतात: पहिल्या विभागात कमांड, दुसऱ्यात सिस्टिम कॉल, तिसऱ्यात लायब्ररी फंक्शन. फोर्क, रीड, राइट दुसऱ्यात सापडतात. प्रिंटएफ आणि मॅलॉक तिसऱ्यात. एवढ्यावर परीक्षेचं उत्तर लिहून होतं, पण समजतं ते एसट्रेस चालवल्यावर. आपला प्रोग्राम कर्नलकडे जी जी मागणी करतो ती एसट्रेस ओळीओळीने छापतं. तीन वेगळे प्रिंटएफ लिहा, नवी ओळ फक्त शेवटच्याला द्या आणि एसट्रेसखाली चालवा. राइट एकदाच दिसतो. तीन तुकडे मध्ये एका बफरमध्ये, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्यात, जमले आणि कर्नलकडे एकत्र गेले, हे डोळ्यांना दिसतं.

आता त्यात फोर्क घाला, म्हणजे चालू प्रोग्रामची (प्रोसेसची) प्रत काढून दुसरी प्रोसेस सुरू करणारा कॉल. प्रिंटएफने एक ओळ छापायची, शेवटी नवी ओळ द्यायची, मग फोर्क करायचा आणि प्रोग्राम संपवायचा. टर्मिनलवर ती ओळ एकदा येते. तोच प्रोग्राम, एक अक्षरही न बदलता, आउटपुट फाइलमध्ये वळवून चालवा आणि फाइल उघडा. ओळ दोनदा आलेली असते! पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी कंपायलरवर संशय घेण्याआधी पुन्हा एसट्रेस लावलं, आणि उत्तर तिथेच होतं. टर्मिनलवर छापताना नवी ओळ आली की बफर रिकामा होतो. फाइलमध्ये छापताना तो भरेपर्यंत किंवा प्रोग्राम संपेपर्यंत तसाच राहतो. मधे फोर्क झाला की प्रोसेसच्या सगळ्या मेमरीची प्रत होते, त्यात हा न लिहिलेला बफरही आला. मग पालक (मूळ प्रोसेस) आणि मूल (नवी प्रोसेस) दोघंही संपताना आपापली प्रत लिहून टाकतात. फोर्क मेमरीची प्रत करतो हे वाक्य मी आधी पाठ केलेलं होतं. त्याचा अर्थ त्या दोन ओळींनी सांगितला.

झोंबी प्रोसेसचंही तसंच. सीमध्ये दहाबारा ओळींचा प्रोग्राम: मूल लगेच संपतं, पालक वेट न करता, म्हणजे मुलाचा निकाल न विचारता, मिनिटभर झोपतो. दुसऱ्या टर्मिनलमध्ये पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) चालवलं की मुलाच्या नावापुढे ‘डिफंक्ट’ लिहिलेलं आणि स्थितीच्या रकान्यात झेड. त्याला किल नाइन, म्हणजे प्रोसेस सक्तीने मारायचा सिग्नल, पाठवून बघा, काही फरक पडत नाही. कारण ती प्रोसेस आधीच संपलेली आहे, प्रोसेस टेबलमध्ये उरली आहे ती फक्त तिची नोंद, पालकाने एक्झिट स्टेटस वाचावा म्हणून. पालक संपला की सिस्टमडी (बूट होताना सुरू होणारी पहिली प्रोसेस) त्या नोंदीला दत्तक घेते आणि साफ करते, पीएसमधून ती ओळ जाते.

व्हर्च्युअल मेमरी हा धडा मात्र मला सगळ्यात आवडला. मॅलॉकने १ जीबी मेमरी मागा आणि तिला हात लावू नका. टॉप या कमांडमध्ये त्या प्रोसेसच्या व्हर्च्युअल (मागितलेली मेमरी) रकान्यात १ जीबीची भर पडते, रेसिडेंटच्या (खरी वापरात असलेली रॅम) रकान्यात जवळजवळ काहीच नाही. मग लूप लावून दर ४०९६ बाइटांवर एकेक बाइट लिहीत जा, मधे मधे थोडं थांबत. रेसिडेंटचा आकडा चढू लागतो. ४ केबीचं पेज, पहिला स्पर्श, पेज फॉल्ट, मग खरी फ्रेम: डिमांड पेजिंगची आकृती समोर घडते. प्रॉक नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक चालू प्रोसेसचं स्वतःचं फोल्डर असतं. त्यातली मॅप्स फाइल उघडली की कोड, हीप आणि स्टॅक कुठल्या पत्त्यांवर आहेत ते साध्या मजकुरात वाचता येतं. या फाइली डिस्कवर नसतातच, वाचायला गेलो की कर्नल त्या क्षणी तयार करून देतं.

नेटवर्क्सला वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारा प्रोग्राम. ते विंडोजवरही तितकंच चांगलं चालतं, त्यामुळे त्याचं श्रेय एकट्या लिनक्सला देता येणार नाही. पण डिग, पिंग, ट्रेसरूट आणि वायरशार्क चार खिडक्यांत उघडून एकच वेबसाइट उघडली की धड्यांचा क्रम लागतो: आधी डीएनएसची चौकशी, मग सिन, सिन-ॲक, ॲक (टीसीपीची जोडणी), मग टीएलएस (एन्क्रिप्शन). एक गोष्ट लक्षात ठेवा: वायरशार्क टीसीपीचे सिक्वेन्स नंबर शून्यापासून दाखवतं, ते सापेक्ष असतात. सेटिंगमध्ये ते बंद केलं की खरे, मोठाले आणि अंदाज न येणारे आकडे दिसतात. सुरुवातीचा नंबर शून्य का नसतो या प्रश्नाला तिथून सुरुवात करता येते.

पुस्तकातल्या ओएसआय या नेटवर्क मॉडेलचे सात थर शोधायला गेलात तर सात सापडणार नाहीत. पॅकेट उलगडलं की इथरनेट, आयपी, टीसीपी आणि वरचा प्रोटोकॉल एवढंच सरळ दिसतं. सेशन आणि प्रेझेंटेशन या नावांचे वेगळे हेडर नसतात. इंटरनेट टीसीपी-आयपीवर उभं आहे, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कने १ जानेवारी १९८३ ला त्याच्याकडे बदल केला, आणि ओएसआय हे विचार करण्यासाठीचं मॉडेल म्हणून राहिलं. आणखी एक: वायफायवर असताना पकडलेल्या पॅकेटवरही बहुधा इथरनेटचाच हेडर दिसतो, कारण ड्रायव्हर तसं रूपांतर करून देतो. हे माहीत नसेल तर प्रॅक्टिकलच्या वहीत चुकीचं निरीक्षण लिहिलं जातं.

डेटाबेसला मी पोस्टग्रेस हा डेटाबेस प्रोग्राम वापरला. त्यातल्या जनरेट सिरीज या फंक्शनने १० लाख ओळींचं टेबल क्षणात भरता येतं. एका किमतीवर शोध घेताना पुढे एक्सप्लेन ॲनालाइज लावा (क्वेरी कशी चालली ते ते सांगतं), सिक्वेन्शियल स्कॅन, म्हणजे पूर्ण टेबल वाचणं, दिसेल. त्या कॉलमवर इंडेक्स करा, पुन्हा चालवा, इंडेक्स स्कॅन येतो आणि वेळ धाडकन खाली येतो. मग मुद्दाम अशी अट द्या की बहुतेक सगळ्या ओळी तिच्यात बसतील. इंडेक्स असूनही प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) पुन्हा पूर्ण टेबल वाचायला जातो, आणि तेच योग्य असतं. इंडेक्स लावला की क्वेरी वेगवान होते, हे अर्धंच उत्तर आहे.

डेडलॉकचा, म्हणजे दोघं एकमेकांसाठी अडकून पडण्याचा, प्रयोग तर दोन विषयांना पुरतो. दोन टर्मिनल, दोन ट्रान्झॅक्शन. पहिल्यात खातं १ अपडेट करा, दुसऱ्यात खातं २. मग पहिल्यात २, ते अडकून बसतं. आता दुसऱ्यात १. साधारण सेकंदभरात पोस्टग्रेस डेडलॉक सापडल्याचं सांगतं आणि दोघांपैकी एक ट्रान्झॅक्शन रद्द करतं. ऑपरेटिंग सिस्टिमच्या पुस्तकातल्या त्या चार अटी, कॉफमन आणि सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या, इथे एकेक करून बोट ठेवून दाखवता येतात. दोन्हीकडे आधी १ आणि मग २ असा क्रम ठेवला की त्यांतली सर्क्युलर वेट ही अट तुटते आणि दुसरं ट्रान्झॅक्शन फक्त आपली पाळी येण्याची वाट बघतं. ज्यांना व्हायवाची भीती वाटते त्यांनी एवढा एक प्रयोग तरी स्वतःच्या हाताने करावाच.

कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटबद्दल थोडक्यात. २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ते लिनक्स कर्नलच्याच कामासाठी लिहिलं. ग्रुप प्रोजेक्टला त्याशिवाय चालत नाही, पण ते कुठल्याही सिस्टिमवर सारखंच आहे.

आता अडचणी. त्या आहेत, आणि रोजच्या वापरात टोचतात.

ऑनलाइन परीक्षेसाठी जो बंद ब्राउझर लावला जातो तो आमच्याकडचा लिनक्सवर चालतच नाही. त्यामुळे विंडोज काढून टाकता आलं नाही, ड्युअल बूटच, म्हणजे दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर, ठेवावं लागलं. ड्युअल बूटचे स्वतःचे त्रास असतात. विंडोजमध्ये गेलं की घड्याळ चुकलेलं असतं, कारण लिनक्स हार्डवेअर घड्याळात यूटीसी ठेवतं आणि विंडोज तिथे स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं. टाइमडेटसीटीएल या कमांडने लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की भांडण मिटतं. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ते पूर्ण बंद होत नाही, आणि लिनक्समधून त्या पार्टिशनवर लिहिता येत नाही. ते सेटिंग बंद करा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर पार्टिशनला हात लावण्याआधी रिकव्हरी की दुसरीकडे लिहून ठेवा. हे मी कळकळीने सांगतोय, कारण ती की नसेल तर डेटा परत मिळत नाही.

एका सबमिशनच्या आठवड्यात कर्नल अपडेट झालं आणि पुढच्या बूटला स्क्रीन काळी. ग्राफिक्स कार्डचा बंदिस्त ड्रायव्हर नव्या कर्नलशी जुळत नव्हता. ग्रबच्या, म्हणजे बूट होताना सिस्टिम निवडायच्या, मेनूमधून जुनं कर्नल निवडलं आणि काम सुरू झालं. पण हा मेनू माहीत नसलेल्या विद्यार्थ्याने त्या रात्री काय करायचं? ज्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे त्यांनी याचा विचार करूनच पुढे जावं. झाकण बंद केल्यावर झोपी जाणं आणि बॅटरी, या दोन बाबतीत माझं मशीन आजही विंडोजवर जास्त बरं वागतं.

रिपोर्टसाठी ठरवून दिलेला वर्डचा साचा लिब्रेऑफिसमध्ये उघडतो, पण टेबल आणि पानांचे क्रमांक हलतात. शेवटचा हात विंडोजवरच फिरवावा लागतो, किंवा लाटेक्स, म्हणजे मजकूर कोडसारखा लिहून पानं तयार करायची पद्धत, शिकून घ्यावं. मी लाटेक्स शिकलो, समीकरणं असलेल्या रिपोर्टला ते फार छान पडतं.

जुन्या डॉस कंपायलरसाठी लिहिलेल्या नोट्स वापरत असाल तर क्लिअर स्क्रीनचं फंक्शन आणि त्याची हेडर फाइल इथे मिळणार नाही, ती सीच्या स्टँडर्डमध्ये नाहीच. तिथे इंट २ बाइटांचा, इथे ४. उत्तरपत्रिकेत साइझऑफचं उत्तर लिहिताना कुठला कंपायलर धरलाय ते लिहून टाका. जीसीसीला (लिनक्सवरचा सी कंपायलर) सगळ्या वॉर्निंग दाखवायला सांगायची आणि व्हॅलग्रिंड (मेमरीच्या चुका शोधणारं साधन) चालवून बघायची सवय मात्र पहिल्या सेमिस्टरपासून लावा. न सोडलेली मेमरी कुठल्या ओळीत घेतली तेसुद्धा ते सांगतं, फक्त कंपाइल करताना डीबगची माहिती ठेवायला हवी.

डिस्क्रीट मॅथ्स, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग यांना लिनक्सचा काही उपयोग झाला नाही. तिथे वही-पेनच.

विंडोज सोडायचं नसेल तर विंडोजच्या आतच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल २ आहे. त्यात खरं लिनक्स कर्नलच एका हलक्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतं. सी, गिट, पोस्टग्रेस आणि वरचे फोर्क, झोंबी, मेमरीचे प्रयोग तिथे जसेच्या तसे होतात. नेटवर्क मात्र व्हर्च्युअल कार्डामागून दिसतं, त्यामुळे पॅकेट पकडायला वायरशार्क विंडोजमध्येच टाका. ज्यांचा लॅपटॉप घरात आणखी कुणी वापरतं त्यांना मी हाच मार्ग सुचवेन. पूर्ण इन्स्टॉल करणार असाल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असू द्या, आणि उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी) आवृत्तीच घ्या. ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं नियमित अपडेट मिळतात, म्हणजे पदवी पूर्ण होईपर्यंत सिस्टिम बदलावी लागत नाही.

त्याआधी पेनड्राइव्हवरून लाइव्ह चालवून बघा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, प्रोजेक्टरला जोडल्यावर चित्र दिसतं का, हे सगळं इन्स्टॉल न करता तपासता येतं. तिथे केलेलं काम मशीन बंद करताच जातं, त्यामुळे काही लिहिलंत तर उठण्याआधी दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या.