नवशिक्या चालकांची लाल पट्टी : वस्तू चोख, नियम अर्धाच पटणारा

न्यू जर्सीत शिकाऊ किंवा प्रोबेशनरी (पूर्ण परवान्याआधीचा, निर्बंधांसह मिळणारा) परवाना असलेल्या 21 वर्षांखालील चालकाला दोन्ही नंबरप्लेटच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लाल परावर्तक पट्टी लावावी लागते. लेकीसाठी आम्ही तीच जोडी परवाना कार्यालयातून घेतली. पट्टी वेल्क्रोची असल्याने आईवडील गाडी चालवताना ती चटकन काढता येते, आणि किंमतही किरकोळ आहे.

वस्तूबद्दल तक्रार नाही; 2010 पासून तिची सक्ती करणाऱ्या कायद्याबद्दल मात्र आहे. रात्री अकरानंतर पहाटे पाचपर्यंत गाडी न चालवणे आणि पालक सोबत नसताना साधारणपणे एकच सहप्रवासी घेणे, हे निर्बंध रास्तच आहेत, कारण मित्रमंडळींनी भरलेल्या गाडीत नवख्या चालकाचे लक्ष रस्त्यावर राहत नाही. परंतु चालक कोवळ्या वयाचा आहे हे रस्त्यावरच्या कोणाही अनोळखी माणसाला जाहीर करणे, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये कायदा वैध ठरवला असला तरी, मला पटत नाही. शिवाय भारतातून न्यू जर्सीतल्या एडिसनला येऊन तिशीत प्रथमच स्टिअरिंग हाती घेणारा (असे आपल्यात कमी नाहीत!) तितकाच नवशिका असूनही या पट्टीतून सुटतो. पट्टीला चार तारे, कायद्याला तीन.