माणसं वाढवायची की मार्ग बंद करायचा?

२९ जानेवारी २०२५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळाजवळ प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टरची टक्कर झाली. ६७ जीव गेले. विमानतळाच्या टॉवरमध्ये एकाच हवाई वाहतूक नियंत्रकाकडे विमानं आणि हेलिकॉप्टर दोन्हींचं काम होतं. दुसरा नियंत्रक असता तर त्याची नजर फक्त हेलिकॉप्टरवर राहिली असती, हे खरं. पण नियंत्रक तयार व्हायला वर्षं लागतात, आणि अंधारात ‘विमान दिसतंय’ हा हेलिकॉप्टरच्या वैमानिकाचा शब्द त्यानंही बहुधा मानला असता.

मला त्यापेक्षा विमानतळाजवळचा हेलिकॉप्टरांचा मार्ग बंद करणंच भक्कम वाटतं; मार्च २०२५ मध्ये तो बंद झालाही. विमानतळालगतच्या पोटोमॅक नदीच्या पूर्व काठावर हेलिकॉप्टर नेमून दिलेल्या २०० फुटांवर असलं, तरी धावपट्टी ३३ वर उतरणारं विमान त्याच्यावरून फार तर ७५ फुटांवरून जायचं. जेमतेम सातमजली इमारत! हेलिकॉप्टरांना वळसा पडतो, पडू दे.