जुन्या अमेरिकी नोटांसाठी दहापट भिंग: काही महिने वापरल्यावर

पेनसिल्व्हेनियात राहतो, इथल्या जुन्या नॅशनल बँक नोटा (स्थानिक बँकांनी आपापल्या नावाने काढलेल्या सरकारमान्य नोटा) जमवतो, म्हणून दिवा असलेलं हे भिंग घेतलं. घ्याच म्हणेन, पण नोटेची किंमत ते ठरवत नाही. किंमत ठरते आधी बँकेवर आणि गावावर. १८६३ ते १९३५ या काळात बारा हजारांहून जास्त बँकांनी या नोटा काढल्या, प्रत्येकीचा चार्टर नंबर (सरकारी परवान्याचा क्रमांक) वेगळा. न्यूयॉर्कच्या चेस नॅशनलची (२३७०) किंवा सॅन फ्रान्सिस्कोच्या बँक ऑफ अमेरिकाची (१३०४४) १९२९ सालची नोट सहज मिळते. एखाद्या खेड्यातल्या बँकेच्या मात्र दोन-चारच उरलेल्या असतात, आणि तिथे मळकी नोटसुद्धा भाव खाऊन जाते. तेव्हा आधी चार्टर नंबर, मग त्या बँकेच्या किती नोटा नोंदीत आहेत, मग मागचे लिलावाचे भाव. भिंग त्यानंतर.

एक जाता जाता: १९२९ च्या फेडरल रिझर्व्ह बँक (अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतली विभागीय बँक) नोटेवरही तपकिरी शिक्का आणि 'नॅशनल करन्सी' असतं. तिच्यावर चार्टर नंबर नसतो, विभागाचं ठळक काळं अक्षर असतं. हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं, तरी विक्रेते दोन्ही एकत्र खपवतात याची चीड येते.

भिंगातला दिवा मी फारसा लावत नाही. समोरचा उजेड घड्या लपवतो. खोलीत अंधार करून साधा टॉर्च टेबलालगत आडवा धरला की दाबून सपाट केलेली मधली घडी लगेच उठून दिसते. नोट उलटी करा: क्रमांक छापताना पडलेला दाब कोऱ्या नोटेत मागून जाणवतो, धुऊन इस्त्री केलेलीत तो बसून गेलेला असतो. किंमत इथे घसरते.

भिंगाचं खरं काम १९२९ पूर्वीच्या मोठ्या आकाराच्या नोटांवर. त्यांच्यावर कॅशियर आणि अध्यक्षाच्या सह्या बऱ्याचदा पेनाने केलेल्या. जुनी शाई कागदाच्या धाग्यांत मुरलेली दिसते. फिकट सही कोणी नव्याने गिरवली असेल तर ती वर बसलेली, कडेला धारदार दिसते. टाचणीची भोकं आणि कडेची बारीक चीरही यातच सापडते.

तक्रारी दोन. कडेला चित्र धूसर होतं, आणि बटण सेल लवकर संपतात. शिवाय दहापटीला भिंग नोटेपासून जेमतेम इंचभर अंतरावर धरावं लागतं, धातूची कड घासू शकते. नोट पॉलिएस्टरच्या पाकिटातच ठेवून बघा; पीव्हीसीचं पाकीट नको, ते कागद खराब करतं.