टचडिझायनर: कथकच्या तालमीत सातआठ महिने वापरल्यावर

ज्यांना गाणं लावून त्यावर उड्या मारणारे रंगीत गोळे हवेत त्यांनी हे सगळं वाचायची गरज नाही, ते काम टचडिझायनर या चालू असतानाच चित्रं घडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एका रविवारी जमतं आणि यूट्यूबवर त्याचे ढिगाने व्हिडिओ पडलेत. मी लिहितोय ते स्टेजवर खरा माणूस नाचतोय, शेजारी तबला चालू आहे आणि मागच्या पडद्यावर त्यांच्यासोबत काहीतरी घडायला हवंय, अशा लोकांसाठी. आमचा पुण्यातला छोटासा ग्रुप आहे, कथक करणारी मैत्रीण, एक तबलजी आणि मी. मी पोटापाण्यासाठी व्हिडिओ एडिटिंग करतो, त्यामुळे वाटलं होतं की आपल्याला हे सोपं जाईल. पण एडिटिंगमध्ये टाइमलाइन मागे ओढली की गेलेला क्षण परत मिळतो, इथे तसं काही नाही. खाली एक टाइमलाइनची पट्टी दिसते खरी, पण ती मुळात ६०० फ्रेमची, म्हणजे १० सेकंदांची, आणि नुसती गोल गोल फिरत राहते. बाकी सगळं आत्ता, चालू असतानाच घडतं.

थोडक्यात ओळख. टोरंटोच्या डेरिव्हेटिव्ह कंपनीचं हे सॉफ्टवेअर, मूळ घराणं हूडिनीचं, म्हणजे सिनेमातल्या स्पेशल इफेक्टवाल्यांचं. कोड लिहायचा नसेल तर नाही लिहिला तरी चालतं, चौकोनी डबे ठेवायचे आणि वायरी जोडायच्या. जांभळे डबे चित्राचे (टॉप), हिरवे आकड्यांचे आणि आवाजाचे (चॉप), निळे थ्रीडी आकारांचे (सॉप). हिरव्याची वायर थेट जांभळ्यात जात नाही, मध्ये रूपांतराचा डबा लागतो किंवा हिरव्यातला आकडा उचलून जांभळ्याच्या सेटिंगवर टाकायचा. हे डोक्यात बसेपर्यंत चिडचिड होते, एकदा बसलं की मात्र दुसऱ्याचं नेटवर्क उघडूनसुद्धा कुठून काय येतंय ते रंगावरून कळतं. विंडोज आणि मॅक दोन्हीवर चालतं, पण वेगळं ग्राफिक्स कार्ड असलेला लॅपटॉप घ्या, बिनकार्डाच्या लॅपटॉपवर शिकता येईल, प्रयोग करता येणार नाही.

फुकट आवृत्ती आहे आणि ती मुदत संपून बंद पडणारी नाही, हा सगळ्यात मोठा प्लस. अट दोन गोष्टींची, पैसे मिळणाऱ्या कामाला ती वापरायची नाही आणि चित्र १२८० बाय १२८० च्या वर जात नाही. लोक या १२८० ला फार घाबरतात. आम्ही १२८० बाय ७२० वर काम करतो, प्रोजेक्टर ते ताणून दाखवतो, आणि अंधारात साध्या पांढऱ्या कापडावर चौथ्या रांगेतून कोणालाही फरक कळत नाही, शपथेवर सांगतो. लहान साइजमुळे लॅपटॉपही कमी तापतो.

आता मूळ मुद्दा. पॅलेटमध्ये, म्हणजे तयार डब्यांच्या यादीत, ऑडिओ ॲनालिसिस नावाचा डबा मिळतो, आवाज आत टाकला की तो लो, मिड, हाय असे भाग करून देतो आणि वर किक आणि स्नेअरही ओळखतो. ड्रम सेटसाठी झकास. तबल्याला त्यातलं काहीच नीट लागू पडत नाही कारण डग्ग्याचा (डाव्या हाताच्या तबल्याचा) ‘घे’ हा ठोका कमी आणि घुमारा जास्त, मनगट दाबलं की सूर वर सरकतो, आणि घुंगरू चालू झाले की हाय भागात नुसता पाऊस. पहिल्या तालमींत पडदा सतत थरथरत होता, प्रत्येक आवाजाला काही ना काही उत्तर देत होता. सम म्हणजे तालाच्या फेऱ्याची, आवर्तनाची, पहिली मात्रा. मैत्रीण म्हणाली, “अरे मी सम घेऊन पुढे निघाले तरी तुझा पडदा अजून आधीच्या समेवर टाळ्या वाजवतोय, त्याला जरा गप्प बसव.”

गप्प बसवायचं कसं, हेच मग शिकत गेलो आणि त्यातच बहुतेक महिने गेले. तयार डबा काढून टाकला. तबल्याचा माइक वेगळा घेतला, त्यातून फिल्टरने फक्त खालचा भाग ठेवला, म्हणजे फक्त डग्गा आत; चाट (उजव्या तबल्याच्या काठावरचा टणक ठोका) आणि घुंगरू बाहेर. त्यानंतर लॅग नावाचा हिरवा डबा. यात आकडा वर चढायला किती वेळ घ्यायचा आणि खाली उतरायला किती, हे वेगवेगळं ठरवता येतं. चढण जवळजवळ शून्य आणि उतरण सेकंदाच्या आसपास ठेवली की डग्ग्याचा घुमारा जसा विरतो तसा उजेड विरतो.

आणि मग एक गंमत झाली जी मी ठरवून केलेली नव्हती. तीनतालाचा ठेका बघा, धा धीं धीं धा, धा धीं धीं धा, धा तीं तीं ता, ता धीं धीं धा. खाली, म्हणजे टाळीऐवजी हात रिकामा सोडायची जागा, नवव्या मात्रेला, पण डग्गा खरा गप्प होतो दहाव्यापासून तेराव्यापर्यंत, तीं तीं ता ता. पडदा डग्ग्यावरच चालत असल्यामुळे विलंबित लयीत त्या चार मात्रा आपोआप काळोख होत होता आणि चौदाव्या धीं ला उजेड परत यायचा. तबलजी वाजवता वाजवता थांबलाच. ज्यांना तालातलं ओ की ठो कळत नाही अशा दोघातिघांना नंतर दाखवलं, त्यांनाही आवर्तन कुठे वळतं ते दिसलं. सातआठ महिन्यांत मी जे जे बनवलं त्यात ह्या चार रिकाम्या मात्रा सगळ्यात चांगल्या, आणि त्यात माझा हात जवळपास नाहीच.

फीडबॅकबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळे तोच वापरतात. आधीची फ्रेम थोडी अंधुक करून नव्या फ्रेमखाली ठेवायची, मग फिरणाऱ्या हातामागे रेघ राहते. चक्करांना हे इतकं शोभतं की मोह आवरत नाही. आकडे पाठ करून ठेवा. ६० फ्रेमच्या वेगाने दर फ्रेमला ०.९५ ने गुणलं तर एका सेकंदात जेमतेम ५ टक्के उरतं. ०.९८ ला तीच रेघ अडीच सेकंद टिकते, ०.९९ ला पाच. म्हणजे शेवटच्या घरातल्या एका आकड्याने लय बदलते. दुसरं, रेघ विरल्यावरही पडद्यावर राखाडी डाग चिकटून राहत असतील तर प्रोजेक्टर पुसत बसू नका. ८ बिटमध्ये अगदी अंधुक आकडा गुणल्यावर राऊंड होऊन परत तोच येतो, त्यामुळे तो कधी शून्याला पोचतच नाही. त्या डब्यांचं पिक्सेल फॉरमॅट १६ बिट फ्लोट करा, डाग जातात. हे मला कुठल्याच सुरुवातीच्या ट्यूटोरियलमध्ये सापडलं नाही. बाकी ट्यूटोरियल म्हणाल तर कंपनीच्या साइटवरचा मोफत कोर्स आणि बिलेम चेपे, म्हणजे एलेक्ट्रोनॉट, यांचे व्हिडिओ एवढं भरपूर आहे.

उशिराचं गणित वेगळंच. ६० फ्रेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची, त्यात माइकचा बफर, त्यात प्रोजेक्टरचा स्वतःचा उशीर, सगळं मिळून शंभराच्या घरात गेलं तर द्रुत लयीत मेलात. मिनिटाला २४० मात्रांची लय धरली तर एक मात्रा पाव सेकंदाची, चौपटीत, म्हणजे मात्रेला चार बोल धरले तर, एक बोल साठएक मिलिसेकंदांचा, म्हणजे चित्र दीड बोल मागे. एसियो ड्रायव्हर (आवाज कमी उशिराने आत घेणारा) वापरून थोडं कमी होतं. ब्लूटूथचं तर नावच काढू नका. आम्ही शेवटी द्रुतमध्ये माइक बंदच केला, मी मांडीवर कीबोर्ड घेऊन बसतो आणि समेला हाताने बटण दाबतो, तिहाई (एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणं) सुरू झाली की कुठे संपणार ते माहीतच असतं, मग केसभर आधी दाबायचं. यासाठी मला मात्रा मोजत तालमीला बसावं लागलं, बोल तोंडपाठ करावे लागले. तबलजी म्हणतो आता तू निदान लेहरा (तालासोबत फिरत राहणारी धून) धरणाऱ्याइतका तरी कामाचा झालास.

कॅमेऱ्याचं लवकर आवरतो. साध्या वेबकॅमला स्टेजच्या अंधारात काही दिसत नाही, आणि जे दिसतं त्यात आपणच नाचणाऱ्यावर पाडलेलं प्रोजेक्शन परत आत येतं आणि चित्र स्वतःलाच खात सुटतं. इलाज एकच, इन्फ्रारेड दिवा आणि इन्फ्रारेड बघू शकणारा कॅमेरा, त्याला प्रोजेक्टरचा उजेड जवळपास दिसतच नाही. ते काम अजून अर्धवट आहे आमचं.

मध्येच एक, हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे असं आमच्या ओळखीतले काही जण म्हणतात. चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं होतं, चित्रकारांच्या हातात कॅमेरा द्यायला, नलिनी मलानी तिथेच पहिले प्रयोग करत होत्या. पुढे मलानींनी फिरत्या पारदर्शक नळकांड्यांवर चित्रं काढून त्यांच्या सावल्या भिंतीवर फिरवल्या. आणि कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवत आली, त्याला कुठलं ग्राफिक्स कार्ड लागत होतं?

कोणी घ्यावं? नुसत्या ठरलेल्या क्लिप ठरलेल्या जागी सोडायच्या असतील तर हे नकोच, मॅक असेल तर क्यूलॅब, नाहीतर रेझोल्यूम बरं. नृत्यासाठीच बनलेलं काही हवं असेल तर इझाडोरा बघा, ते एका डान्स कंपनीच्या कामातूनच आलंय. टचडिझायनर तेव्हाच, जेव्हा वादकाचा मूड बदलला तर चित्रानेही बदलावं असं वाटतं. प्रयोगाआधी नोटिफिकेशन बंद करा, चार्जर लावूनच ठेवा, आणि एफ१ दाबून परफॉर्म मोडमध्ये जा म्हणजे वायरींचं जंजाळ पडद्यावर येणार नाही. सेव्ह केलं की तो दरवेळी पुढच्या नंबरची फाइल करतो, फोल्डर भरतं, पण त्या जुन्या फाइली उडवू नका, कामाला येतात.

पुढचं काम रूपकमध्ये करायचं चाललंय. सात मात्रा, ती ती ना धी ना धी ना, आणि समेवरच खाली, म्हणजे डग्गा नेमका समेला गप्प आणि आमचा पडदा सगळे बघत असतात त्याच क्षणी काळा. तबलजी खूश आहे, मैत्रीण अजून तयार नाही, म्हणते एवढी मेहनत करून समेवर येणार मी आणि दिसणार कोणाला?