फील्ड स्कूल की परक्या विद्यापीठातलं सेमिस्टर?

मानवशास्त्र शिकताना परदेशात एखादं सत्र काढायचं ठरलं की माहितीपत्रकांचा ढीग जमतो, पण चाळून पाहिलं तर प्रकार दोनच उरतात. एक, तिथल्या विद्यापीठात नाव घालून तिथल्याच मुलांबरोबर वर्गात बसायचं, इरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी-देवाणघेवाण योजनेवर जाणारी मुलं करतात तसं. दुसरा फील्ड प्रोग्राम, म्हणजेच फील्ड स्कूल : आधी काही आठवडे भाषा आणि व्याख्यानं, मुक्काम यजमान कुटुंबात, आणि शेवटचा महिना स्वतःचा प्रकल्प. मी दोन्ही केले. क्रेडिट, व्हिसा, शिष्यवृत्ती हे तुम्ही पाहिलंच असेल, त्यामुळे त्यात शिरत नाही.

कागदावर फील्ड प्रोग्रामच सरस वाटतो, आणि वाटणारच. डोक्यात मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की असतो, न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियंड बेटावर तंबू ठोकून बसलेला. तो १९१५ ते १९१८ या काळात दोन खेपांत मिळून दोनेक वर्षं तिथे होता, हे मात्र फॉर्म भरताना आठवत नाही. आमचा 'महिना' मोजून पाहा. पहिला आठवडा विषय ठरवण्यात आणि मंजुरीत गेला, शेवटचा अहवाल लिहिण्यात. उरले पंधरा दिवस, तेही दुभाष्याच्या सवडीने.

तरी वेळेची तक्रार मी गिळली असती. गिळता आलं नाही ते वेगळंच.

माझा विषय नातेसंबंध. ज्या बाईंच्या घरी राहत होतो त्यांच्याकडेच सुरुवात करावी म्हणून एका संध्याकाळी वही उघडली आणि त्यांच्या भावंडांबद्दल विचारलं. बाईंनी माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि स्वतःच काढायला लागल्या. पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला बरोबरचं चिन्ह. वारलेल्यांवर तिरकी रेघसुद्धा! ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ रिव्हर्सने १८९८च्या टोरेस सामुद्रधुनी मोहिमेत वंशावळी गोळा करायची जी पद्धत बसवली, ती आम्हाला दुसऱ्या वर्षी शिकवली होती. बाई ती आमच्यापेक्षा सफाईने वापरत होत्या. मग ड्रॉवर उघडून त्यांनी संमतीपत्रं दाखवली. माझ्याआधीच्या सात जणांची, नीट घडी घालून ठेवलेली. आठवं माझं. पुढे बरीच ओळख झाल्यावर कळलं की त्या आकृतीत एक भाऊ नाहीच. "त्याला दाखवलं की मुलं फार विचारत बसतात," असं त्या हसत म्हणाल्या.

यात बाईंची काही चूक नाही. दर सत्राला नवं पोर येऊन तेच विचारणार असेल तर कोणीही उत्तरं तयार ठेवील. पण त्या दिवसापासून मला गावातलं प्रत्येक उत्तर ऐकताना ते आधी कुणाला दिलं गेलं असेल हाच प्रश्न पडायला लागला, आणि तो शेवटपर्यंत गेला नाही.

दुसऱ्या खेपेला विद्यापीठ निवडलं. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने भयाण कंटाळवाणे होते. व्याख्यानं बरी, सेमिनार बरे, संध्याकाळी कोणी विचारत नाही. दर गुरुवारी मी जवळच्या एका सायकल-दुरुस्तीच्या हौशी कार्यशाळेत जायला लागलो, ते निव्वळ भाषा कानावर पडावी म्हणून. तिथे मी पाने पुसून द्यायचो. मानवशास्त्रज्ञ गीर्ट्झ दांपत्य एप्रिल १९५८मध्ये बालीतल्या खेड्यात गेलं तेव्हा गावकरी त्यांच्याकडे जणू ते नाहीतच असं पाहायचे. कोंबड्यांच्या झुंजीवर पोलिसांची धाड पडली आणि हे दोघंही सगळ्यांबरोबर पळाले, तेव्हा कुठे गाव बोलायला लागलं. माझ्या वाट्याला धाडबीड आली नाही. नवव्या आठवड्यात एक म्हातारा चाक सरळ करता करता आपल्या बहिणीशी का बोलत नाही ते आपणहून सांगत बसला, एवढंच. मी प्रश्न विचारलाच नव्हता.

आता याची दुसरी बाजू. त्या म्हाताऱ्याचं एक अक्षर मला प्रबंधात घेता आलं नाही. माणसांवरच्या संशोधनाला नीतिसमितीची मंजुरी आधी लागते, आणि ती मिळवायची तर सगळी धावपळ तुमची तुम्हालाच करावी लागते. फील्ड प्रोग्राममध्ये ही व्यवस्था तयार असते, आजारी पडलात तर धावून येणारं माणूसही असतं. भाषेचंही तसंच. इंग्रजी बोलणाऱ्याला जपानी किंवा अरबी व्यावसायिक कामात वापरण्याइतकी यायला वर्गातले सुमारे २२०० तास लागतात, असा अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेचा अंदाज आहे. म्हणजे अवघड भाषेच्या देशात विद्यापीठातल्या एका सेमिस्टरनेही फार काही साधत नाही, दुभाषी लागणारच. आणि तुम्ही पुरातत्त्वाकडे वळणार असाल तर माझं सगळं म्हणणं बाजूला ठेवा. उत्खननाचा परवाना, खड्डा, थरांची नोंद हे एकट्याने जमणारं काम नव्हे, तिथे फील्ड स्कूलच हवं.

सामाजिक-सांस्कृतिक बाजूच्या मुलांनी मात्र, शक्य असेल तर, एका जागी जास्त दिवस राहता येईल तेच घ्यावं असं मला वाटतं. एखादीला उत्तम फील्ड प्रोग्राम मिळेलही. माझ्या एका वर्गमैत्रिणीला मिळाला, ती अजून त्या कुटुंबाला पत्रं लिहिते.

ज्यांचा कल तरीही फील्ड प्रोग्रामकडे आहे त्यांनी समन्वयकाला दोन गोष्टी आधी विचाराव्यात : ही कुटुंबं किती वर्षं मुलं ठेवतायत, आणि मागच्या मुलांचे अहवाल गावात परत पोचतात का. मी दुसरा प्रश्न निघायच्या आदल्या दिवशी विचारला. सगळे अहवाल आमच्या ग्रंथालयात आहेत, असं उत्तर मिळालं. बाईंच्या ड्रॉवरमध्ये त्यातला एकही नव्हता.